एकोणीस माणसं आणि वाटून घेतलेले वार

ठाण्याच्या आमच्या घरात माणसं एकोणीस होती आणि देव एक, देवघरातला पितळी गणपती. मग रेशन आलं, आणि बघता बघता आमच्याकडे आठवड्याच्या जवळजवळ प्रत्येक वाराला एकेक देव येऊन बसला. ते कसं झालं ते सांगते.

आधी माझं काम काय ते सांगायला हवं. लेख मागायला आलेल्या बाईंना मी म्हटलं होतं, अहो, मला जन्मात पगार मिळाला नाही, मी कसली नोकरीचे अनुभव लिहिणार? त्या म्हणाल्या, रोज किती जणांचं करत होतात? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग लिहा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत पण एकीचाही शेवट माहीत नाही. तेव्हा माझ्या गोष्टीचा शेवट तेवढा मी नीट लिहिणार आहे.

घरात दोन चुली आणि दोन्ही वेळेला तीन पंगती. पहिली कचेरीत आणि शाळेत जाणाऱ्यांची, दुसरी घरातल्या पुरुषांची आणि वडीलधाऱ्यांची, तिसरी आम्हा सुनांची, म्हणजे उरलं त्याची. सासूबाई सांगायच्या, मी करायची. मोठी सून म्हणून हे पद मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिळालं आणि त्यावरून मला कधी कुणी हलवलं नाही.

आता रेशन म्हणजे काय ते तरुण मंडळींसाठी. कार्डावर माणशी धान्य ठरलेलं. मोठ्याला पूर्ण, लहानाला अर्धं. सरकारची समजूत अशी की लहान मूल अर्धं खातं. सरकारने आमच्याकडची मुलं पाहिली नव्हती. धाकटे भावजी तर तालमीत जायचे, ते कार्डावर एक आणि पाटावर तीन. शिवाय कुठलं धान्य ते आपल्या हातात नाही. एका आठवड्याला लाल जाडा तांदूळ, पुढच्याला नुसती ज्वारी. आम्ही मूळचे कोकणातले. तांदळाची भाकरी झोपेत थापू, पण ज्वारी हाताला वळेना. तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे तुकडे व्हायचे आणि ते जोडून वाढावे लागायचे. शेवटी मी ज्वारी कांडून तिच्या कण्या शिजवायला लागले आणि भात म्हणून वाढायला लागले. फक्त मामंजी, म्हणजे माझे सासरे, ताटाकडे बघून म्हणाले, "सूनबाई, याला काही नाव ठेवलंय का?"

मामंजी कचेरीतून पेन्शनीत निघालेले कारकून. देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं. देव आहे असा कागद अजून टेबलावर आलेला नाही, असं म्हणायचे. सासूबाईही बेताच्याच देवभोळ्या. संकष्टी, एकादशी, बस.

अशाच एका एकादशीला सगळं घर उपाशी, म्हणजे उपासाचं खाऊन तुडुंब. येऊरच्या डोंगरातून वारली बाया डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या, त्यांच्याकडे करांद्यांचे कंद, रताळी, वरीचे तांदूळ मिळत. त्याला कार्ड लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई तांदळाच्या डब्यात हात घालून उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत हात आत, चेहऱ्यावर एकदम तेज. डब्यातला तांदूळ उतरलाच नव्हता.

त्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि देव वाटायला घेतले.

भावजी तालमीतले म्हणून त्यांना मारुतीचा शनिवार. आमच्या ह्यांना राग फार, म्हणून मंगळवार. आत्याबाई विधवा, त्यांना शुक्रवारची देवी दिली तर त्या म्हणाल्या मला दत्त हवा, म्हणून गुरुवार. मुलांना अर्धा अर्धा रविवार. आम्हा सुनांना प्रत्येकी दोन दोन वार मिळाले. ते कुणी विचारून दिले नाहीत आणि पुढे कुणी मोजलेही नाहीत, एवढंच इथे लिहून ठेवते. बुधवार तेवढा मोकळा सोडला, कारण बुधवारी खाडीची मासळी यायची आणि मासळीपुढे सासूबाईंचाही धीर सुटायचा. शिवाय नियम कडक केला. लोकांचा सोमवार संध्याकाळी भात खाऊन सुटतो. आमचा दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार. संध्याकाळी सुटला तर वाचलं काय?

राहिली शालू. शालू माझी धाकटी नणंद, लग्नाची. रंगाने सावळी, हसायला लागली की टेंभी नाक्यापर्यंत ऐकू जाईल असं हसायची, आणि भुकेला कच्ची. दोन स्थळांनी सांगितलं होतं, मुलगी चांगली आहे पण जरा मोठ्याने आहे. तिला सोमवार दिला. पहिल्याच सोमवारी दुपारी तिचं डोकं धरलं, पित्त उसळलं, आणि ती मोरीपाशी पिंपाला टेकून बसली ती उठेचना. सासूबाई म्हणाल्या होईल सवय. दुसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी तिला भात दिला, तर सासूबाई म्हणाल्या, एकीला सोडला तर सगळे सोडतील, सोमवार कुणीतरी करायलाच हवा.

तेव्हा मामंजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणाले, "शालूच्या जागी मी. शंकराला कळवा, हंगामी माणूस हजर झालाय."

आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून मामंजींचा सोमवार सुरू झाला. दर सोमवारी वरीचा भात, दाण्याची आमटी, आमसुलाची चटणी, आणि चेहरा असा की सरकारी काम चाललंय.

हे उत्तम चाललं. डबा उतरेना, मुलांची पोटं भरू लागली. उपासाला काय चालतं याचं शास्त्र सासूबाई बाजार बघून ठरवायच्या. भोपळा स्वस्त झाला त्या आठवड्यात भोपळा चालू लागला. वरी मी आधी कोरडी भाजायची, खमंग वास सुटेपर्यंत, मग आधण. भाजलेली वरी दुप्पट फुगते आणि पोटात जाऊन बसते. ही माझ्या कामातली कारागिरी. शिकायला कुणी येत नाही म्हणून इथे सांगून टाकली.

चूक एकच झाली. आमच्या खिडक्या रस्त्यावर होत्या.

शेजारणी येत-जात बघत. सोमवारी येणार तर एक उपाशी, मंगळवारी दुसरा, गुरुवारी आत्याबाई. आणि तेही संध्याकाळी न सोडणारे उपास. महिन्या-दोन महिन्यांत बोलबाला झाला की हे घर म्हणजे काही साधं नाही. बायका सासूबाईंच्या पाया पडायला लागल्या. एकीने मुलाच्या परीक्षेसाठी अंगारा मागितला. सासूबाईंनी घाबरून चुलीतली राख दिली. मुलगा पास झाला. मग तर रांग लागली. चुलीतली राख संपू लागली आणि भांडी कशाने घासायची हा माझ्यापुढे प्रश्न.

आणि मग बुवा आले. रामाच्या देवळात कीर्तनाला आलेले, बरोबर पेटीवाला आणि तबलजी. आमच्या घराची कीर्ती त्यांच्या कानावर गेली. ते ओसरीवर येऊन उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, अशा पुण्यवान वास्तूत चातुर्मास घालवावा अशी फार दिवसांची इच्छा होती. एवढ्या पाया पडून घेतल्यावर नाही कसं म्हणणार? तिघे राहिले.

बरं, यांचं रेशनकार्ड गावी. आणि पहिल्या संध्याकाळी मी वरी वाढायला घेतली तर बुवा हात आडवा करून म्हणाले, "माई, आम्ही नामस्मरणवाले. आम्हाला उपास लागू नाही. आम्हाला साधाच भात."

साधाच भात. एकोणीस माणसं वरी-रताळ्यावर राहून जो तांदूळ वाचवत होती, तो तिघे जण वर तूप घालून जेवत होते. बुवा आल्यापासून बुधवारची मासळीही बंद. आता आम्हाला उपास थांबवता येईनात, कारण थांबवले तर बुवांना भात कुठून? भावजी म्हणाले, आपण देवासाठी सुरू केलं नाही आणि आता बुवांसाठी करतोय, याला नाव काय? मामंजी म्हणाले, याला खातं म्हणतात.

पण बुवांबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण शालूचं स्थळ त्यांच्यामुळे आलं. कल्याणला त्यांचं कीर्तन झालं, तिथे एका मोठ्या घरातल्या काकूंना त्यांनी आमची गोष्ट सांगितली. काकूंचं घरही नेमाधर्माचं म्हणून नावाजलेलं. त्यांचा मुलगा वसंत, रेल्वेत नोकरीला. तो वडिलांबरोबर मुलगी बघायला आला. बघण्याच्या कार्यक्रमाला पोहे करायची पद्धत, पण पोहे म्हणजे भातच, ते आणायचे कुठून? मी रताळ्याचा कीस केला. वडील म्हणाले, वा, उपासाचं. वसंताने शालूला विचारलं, तुम्हाला काय आवडतं? शालूने शिवण, गाणं असं सांगायचं ठरलं होतं. ती म्हणाली, "जेवायला." आणि हसली. तो पण हसला, आणि त्याचं हसणंही काही कमी मोठं नव्हतं. मी दाराआड उभी होते. मला तिथेच कळलं की जमलं.

पंधरा दिवसांनी निरोप आला. मुलाला पसंत आहे. मात्र काकू स्वतः येणार, त्या फार काटेकोर. मुलगी कडक सोमवार करते असं बुवांकडून कळलं आहे, तर त्या सोमवारीच येतील. मुलीचा उपास डोळ्यांनी बघून मग काय ते सांगतील.

बुवांनी दर सोमवारी वरीचं ताट बघितलं होतं. सोमवार मुलीचा, असंही कधीतरी कानावर पडलं असेल. बाकीचं त्यांनी भक्तीने जोडलं.

रात्रभर घरात खल झाला. सासूबाई म्हणाल्या, एक दिवसाचा प्रश्न आहे, करेल. खरं सांगितलं तर स्थळ जाईल, आणि तिसरंही गेलं तर चौथं यायचं नाही. सकाळी पाणी भरताना शालू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, मुलगा मला आवडलाय. पण तिथे सगळेच असे असले तर मी जेवू कधी?"

मला हसू आलं आणि लगेच विरलं. कारण पोरीचं म्हणणं खरं होतं. एक दिवस निभेल. पण काकूंनी हा उपास बघून सून नेली, तर पुढे आयुष्यभर सोमवार, आणि त्याच्यामागे आणखी किती वार. नाही म्हटलं तर मुलगा जातो, हो म्हटलं तर जेवण जातं. अशी पंचाईत मी कुठल्याच पुडीच्या कागदावर वाचली नव्हती.

सोमवार उजाडला. शालू सकाळपासून उपाशी, साडीत गुंडाळलेली, चेहरा वरीच्या भातासारखा पांढरा. तिच्या रंगाला ते सोपं नव्हतं. सासूबाई देवघरात बसल्या त्या उठेनात. पूजा इतकी लांबली की गणपतीलाही नवल वाटलं असेल. मामंजी ओसरीवर, सोमवार आज कुणाचा हे न ठरल्यामुळे सकाळपासून चहासुद्धा न घेता.

काकू आल्या. ठेंगण्या, नाकात मोठी नथ, पाय धुतले आणि बैठकीत न बसता थेट स्वयंपाकघरात आल्या. मी वरी भाजत होते. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. कढईत बघितलं, वास घेतला. मग फळीवरच्या डब्यांकडे बघितलं, एकेक करून. मग कोपऱ्यातल्या शालूकडे, तिच्या कपाळावरच्या घामाकडे. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"वार कसे वाटलेत?"

त्यांनीच पुढे विचारलं, माणसं किती. मी म्हटलं, एकोणीस.

"आमची तेवीस," काकू म्हणाल्या. "चतुर्थी दोघा दिरांत वाटून दिली आहे. एक चंद्र उगवेपर्यंत, दुसरा नंतर."

मी कढई खाली उतरवली. नाहीतर वरी जळली असती, आम्ही दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसत होतो. तेव्हा मला कळलं की रेशनच्या दुकानांच्या पलीकडे सगळ्या जिल्ह्यात हा धंदा चालला असणार, आणि प्रत्येक घराला वाटत असणार की शेजारचं घरच फार पुण्यवान.

मग काकूंनी विचारलं, हिच्याकडे खरंच सोमवार आहे का? खोटं बोलावं तर ही बाई माझ्या धंद्यातली, लगेच ओळखणार. मी सांगून टाकलं. पोरीला उपास सोसत नाही, पित्त होतं, तिच्या जागी वडील करतात.

काकूंनी पुन्हा एकदा फळीवरच्या डब्यांकडे बघितलं. मला वाटलं, गेलं. शालूलाही तेच वाटलं. तिने साडीचा पदर खांद्यावरून नीट केला, जणू निघायचंच आहे.

काकूंनी विचारलं, भात आहे का?

बुवांसाठी झाकून ठेवलेला होता. काकूंनी पातेलं स्वतःच्या हाताने उघडलं, भात ताटात घेतला, वरून दही घातलं, मीठ टाकलं, कालवला आणि शालूपुढे ठेवला. "आधी जेव बाई. आमच्याकडे बुधवार कुणीच घेत नाही. तो तुझा."

शालू जेवायला बसली, आणि कशी जेवली. नेमकी तेव्हाच सासूबाईंची पूजा संपली. त्या निरांजन घेऊन दारात आल्या तर लेक सोमवारी, होणाऱ्या सासूसमोर, दहीभात ओरपते आहे. काकूंनी निरांजनावरून हात फिरवून डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, मुलगी पसंत आहे."

त्या संध्याकाळी बुवांना भात नव्हता. चातुर्मासात त्यांना घडलेला तो पहिला उपास. वरी तीनदा मागून घेतली आणि पाटावरून उठताना विचारलं, हिच्यात काय घालता?

लग्नाची आणखी गंमत. त्या काळी लग्नात ठरलेल्या संख्येच्या वर माणसांना धान्याचं जेवण वाढायला बंदी होती. आमच्याकडची आणि काकूंकडची घरचीच माणसं धरली तर ती संख्या अक्षता पडायच्या आधीच संपत होती. मी आणि काकूंनी ठरवलं की पंगत उपासाची करायची. वरीचा भात, दाण्याची आमटी, करांद्यांची भाजी, रताळ्याच्या गोड चकत्या. मांडवात केळीच्या पानांवर पांढऱ्याशुभ्र मुदी, आणि तेवढ्यात इन्स्पेक्टर दारात. हा भात आहे, तो म्हणाला. ही वरी आहे, मामंजी म्हणाले. तो ऐकेना. मी म्हटलं, दादा, चाखून बघा. तो पाटावर बसला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग आमटी मागितली. खाता खाता मामंजींना म्हणाला, आज माझा गुरुवारच आहे, चालेल मला. मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. कुणाच्या घरी माणसं किती ते विचारायची गरज नव्हती.

पुढे कंट्रोल उठला. तांदूळ हवा तेवढा मिळायला लागला. सासूबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, देवांना निरोप द्या, आता जेवा. भावजींनी शनिवारीच मारुती सोडला. आमच्या ह्यांनी मंगळवार सोडला, राग मात्र सोडला नाही. मी माझे दोन्ही वार एका दमात सोडले आणि त्या रात्री तिसऱ्या पंगतीला इतका भात खाल्ला की हात धुवायला उठवेना.

सोमवारी मामंजींपुढे भात वाढला. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. सासूबाई म्हणाल्या, अहो, संपलं आता रेशन. ते म्हणाले, रेशन सरकारचं होतं. मी शालूच्या जागी हंगामी आहे, आणि मूळ माणूस रुजू झाल्याशिवाय हंगामी माणसाला जागा सोडता येत नाही.

थट्टा असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. पण देवावर विश्वास नसलेला तो माणूस सोमवार करतच राहिला. वर्षं गेली. मग ते आजारी पडले. डॉक्टरांनी मऊ भात द्यायला सांगितलं, उपास बंद. मामंजी ऐकेनात. सोमवार आला की ओठ मिटून पडून राहायचे. सासूबाई रडल्या, ह्यांनी आवाज चढवला, काही उपयोग नाही. शेवटी मी कल्याणला निरोप पाठवला.

शालू सोमवारी सकाळीच आली. दोन मुलं झालेली, अंगाने भरलेली, बुधवारची बाई म्हणून सासरी प्रसिद्ध. घरून काही न खाता आली होती. वडिलांच्या खाटेपाशी उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "अण्णा, मी रुजू झाले. आता जागा सोडा."

मामंजींनी उशीवरून मान उचलून तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, सूनबाई, चार्ज दिला.

मी दोन ताटं वाढली. मामंजींना उशीला टेकवून बसवलं, मऊ भात, दूध, तूप. शालूला लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या सोमवाराची वरी. तिच्या कपाळावर घाम यायला सुरुवात झालेलीच होती, पण बसली होती हट्टाने. मामंजींनी भाताचा एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला नाही. शालूच्या ताटाकडे बघत राहिले.

"शालू," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "वरी सगळी तुलाच लागणार आहे का गं?"

इतकी वर्षं आम्ही समजत होतो की हा माणूस लेकीसाठी सोसतोय. आणि मामंजींना वरी आवडत होती. शालू हसायला लागली, ते तिचं जुनं हसणं, टेंभी नाक्यापर्यंतचं. हसता हसता रडली पण. मी दोन्ही ताटं उचलली आणि अदलाबदल करून ठेवली. मामंजी वरी जेवले, पोटभर. शालूने तूप घातलेला मऊ भात साफ केला.

त्या सोमवारी उपास नक्की कुणाचा झाला ते मी शंकरावर सोडलं, आणि भांडी घासायला घेतली.